बुटाच्या जिभेतला खिसा

नाही, पण मला एक सांगा, बुटाच्या जिभेला खिसा कशाला लागतो? शर्टाला खिसा, समजू शकतो. पँटला खिसा, समजू शकतो. पिशवीला आतून चोरखिसा, तोही समजू शकतो, दिवसच तसे आलेत. पण बूट? बुटात नाड्यांच्या खाली आणि पायाच्या वर ती मऊ जीभ असते ना, तिच्या पाठच्या बाजूला, जिथं बाहेरच्या माणसाची नजर जन्मात पोहोचणार नाही अशा जागी, व्यवस्थित शिवलेला, वर झाकण लावलेला खिसा! आणि मी विचारलं, अगदी साधं विचारलं, की बाई गं, ह्यात माणसानं ठेवायचं काय? तर आमची ही म्हणते, "अहो, असावा एखादा खिसा." असावा! तुम्हाला सांगतो, नुसतं 'असावा' म्हणून या जगात काहीही नसतं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि कारण विचारल्यावर समोरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला की समजायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ फारच संशयी दिसतो. आहेच! माझं पोट त्याच्यावर चालतं. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. तुमची गाडी ठोकली, तुम्ही कळवलंत, की जो माणूस येतो, खाली वाकतो, टॉर्च मारतो आणि 'हं' म्हणतो, तो मी. त्या 'हं'ला लोक फार घाबरतात. गाडीवाला गळा काढून सांगतो, "साहेब, उभी होती हो गाडी, मागून येऊन ठोकलं!" मी म्हणतो, हं. कारण बंपर पुढचा चेपलेला असतो आणि त्यात झाडाची साल अडकलेली असते. आता झाड मागून येऊन पुढं कसं ठोकतं? माणूस खोटं बोलतो हो, पत्रा बोलत नाही.

आणि अशा माणसाच्या नशिबी बायको कोण, तर बुटांची डिझायनर! तेही साधे बूट नाहीत, स्केटबोर्डचे. स्केटबोर्ड म्हणजे ती चार चाकांची फळी, तिच्यावर उभी राहून पोरं जिन्यावरून, कठड्यावरून, थोडक्यात जिथून म्हणून पडता येईल तिथून पडतात, त्यांच्या पायातले बूट. लग्न ठरताना आमच्या ताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, विचारलं होतं, "मुलगी करते काय?" म्हटलं, बुटांच्या कारखान्यात नमुने काढते. ताई म्हणाली, "बरंय, घरात पायताणांची ददात नाही." ददात? तुम्हाला सांगतो, आमच्या घरात बूट राहतात आणि मधल्या फटीत आम्ही राहतो. कारखान्यानं जुने नमुने टाकायला काढले की ही उचलून घरी आणते. कपाटात बूट, पलंगाखाली बूट, पाहुण्यांच्या गादीच्या गुंडाळीत बूट. एकदा माझे साडू रात्रभर पाठीखाली एक डावा बूट घेऊन झोपले आणि सकाळी म्हणाले, गादी जरा कडक आहे.

आणि प्रत्येक बुटाची कहाणी आहे. ती ऐका आणि तुम्हीच सांगा, संशय येतो की नाही. हिच्या म्हणण्याप्रमाणं अगदी सुरुवातीला बूटच नव्हते, अनवाणी! मग पायाची सालटी निघाली तेव्हा साधा कापडी बूट आला. चपटा, खाली रबराचा तळ, तळावर जाळीची नक्षी, फळी धरून ठेवायला. संपलं? संपायला हवं होतं! पाय झाकला, फळी धरली, अजून बुटाकडून काय अपेक्षा असतात? पण नाही. तो फाटला. मग जिथं फाटतो तिथं चामड्याचं ठिगळ आलं. मग घोट्याला मार लागतो म्हणून बूट वर चढला, घोट्याच्याही वर, आमचं लग्न ठरलं त्या सुमाराला सगळे बूट असे ताठ कॉलरीचे होते. मग पाय वळेना, म्हणून पोरांनी काय करावं? घरची कात्री घेतली आणि नवेकोरे बूट वरून कापले, कडेला चिकटपट्टी लावली! आणि कारखान्यांनी काय करावं? त्यांनी कापलेलेच बूट करून विकायला काढले! मी म्हटलं, म्हणजे आधी जास्तीचं चामडं लावून विकायचं आणि मग ते चामडं नाही म्हणून विकायचं? ही म्हणाली, "अहो, पायाला हवं ते द्यायचं असतं." मी म्हटलं, हं. कुठंतरी पाणी मुरतंय.

पुढं ऐका. आमचा मुलगा शाळेत जायला लागला आणि बूट सुजले. सुजलेच हो, दुसरा शब्द नाही. जीभ ही एवढी, उशीसारखी. तळात हवेची पिशवी. नाड्या घासून तुटू नयेत म्हणून नाड्यांवर झाकण. जीभ सरकू नये म्हणून आतून इलास्टिकचे पट्टे. पोरं चालायची तर पायात सोफे घालून चालल्यासारखी वाटायची. आणि त्याच सुजेच्या काळात, बरोब्बर तेव्हाच, तो खिसा आला! का नाही येणार? जागा भरपूर, कुणाला पत्ता लागणार नाही.

मग मुलगा कॉलेजात गेला आणि सूज उतरली. बूट पुन्हा बारीक, पुन्हा चपटे, पुन्हा साधे, अगदी पहिल्यासारखे, खिसा तेवढा जिभेत राहिला. मी म्हटलं, अगं, हे तर तेच! इतकी वर्षं तुम्ही लोक केलंत काय? तेव्हा ही मला म्हणते, "दिसायला तेच. पण वरच्या चामड्याच्या आत रबराचा पातळ थर लपवलाय." लपवलाय! माझा शब्द नाही मंडळी, तिचा! मी म्हटलं, का लपवलाय? "वरचं घासून गेलं तरी आतलं टिकावं म्हणून." मी म्हटलं, पण वरून घासतं कशानं? बूट खालून घासतो. ही उत्तर देणार तेवढ्यात दाराची बेल वाजली. आणि ती बेल नेमकी तेव्हाच का वाजावी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तर हे सगळं पूर्वीचं. आता जे घडलं ते सांगतो.

एका मंगळवारी मी माझ्या बुटांचं पॉलिश शोधत होतो. बुटांच्या फळीवर खालच्या खणात, छत्रीच्या मागं, जुन्या पिशवीत गुंडाळलेला एक जोड. काळा, बारीक, हिच्या मापाचा. नमुना नव्हता हो, वापरलेला! आणि डाव्या बुटाला बाहेरच्या अंगाला, करंगळीच्या जागी, हे एवढं भोक. मी टॉर्च आणला. सवय. डावा बूट बाजूनं घासलेला, घासल्याची दिशा खालून वर. उजव्याचा वरचा भाग स्वच्छ, पण तळ पुढच्या बाजूला झिजून गुळगुळीत. तुम्हाला सांगतो, इतक्या ठोकलेल्या गाड्या बघितल्या, पण असा अपघात बघितला नव्हता. डाव्या पायानं भिंत चढणारी आणि उजव्या पायानं जमीन मागं ढकलणारी बाई... ही करते काय? जाते कुठं?

पहिला संशय मोटारसायकल. गिअर टाकणाऱ्याचा डावा बूट वरून झिजतो, हे मला पाठ आहे. पण तो अंगठ्याकडं झिजतो, करंगळीकडं नाही. मोटारसायकल बाद. दुसरा संशय... दुसरा संशय मी तुम्हाला सांगत नाही. मला स्वतःलाच सांगितला नव्हता. मी नुसता बूट हातात घेऊन बसलो आणि हात आपोआप जिभेच्या मागं गेला. खिशात.

किल्ली!

तीही कशी? डोकं नसलेली. आपण धरतो तो गोल भाग कापून टाकलेला, नुसते दाते आणि एक बोटभर दांडी, ती मऊ चामड्यात गुंडाळलेली, शिवलेली. आता बोला. इतकी जपून ठेवलेली किल्ली कुठल्या घराची असते हो? आणि घर आणखी एक असेल तर त्या घरात आणखी कोण असतं?

हसू नका. मला भीती वाटली. संशय घेणं वेगळं, तो खरा निघेल असं वाटणं वेगळं. ह्या बाईशिवाय मला आमच्या घरातला साखरेचा डबा सापडत नाही. मी किल्ली खिशात टाकली, बूट होता तसा गुंडाळून ठेवला आणि ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "बाळ्या, मला फक्त तीन गोष्टी सांग. बारीक झालीय?" झालीय. "गुणगुणते?" गुणगुणते. "सुट्टीच्या दिवशी कुठं जाते?" मैत्रिणीकडं. "कुठल्या?" ...ते मी कधी विचारलंच नव्हतं. ताईनं एक मोठा सुस्कारा सोडला, असा की फोनमधून माझ्या कानाला वारा लागला, म्हणाली, "जेवत जा वेळेवर," आणि फोन ठेवला. 

मग किल्लीवाला. त्यानं ती उलटसुलट केली, माझ्याकडं वरून खाली बघितलं, म्हणाला, "साहेब, डोकं कापलेली किल्ली सरळ माणूस बाळगत नाही." म्हटलं, माझी नाही ती. म्हणाला, "हं. सगळे असंच म्हणतात." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी 'हं' म्हटलं!

मग मी तपास हातात घेतला. कुठंतरी पाणी मुरतंय ना, मग ते कुठं हे शोधायचं. किल्ली आहे तर कुलूप असणार, कुलूप आहे तर सापडणार. गच्चीचं दार, नाही. खालची टपालपेटी, नाही. हिच्या कारखान्याचं मागचं फाटक, नाही, वर पहारेकरी ओळख विचारायला लागला. शेवटी आमच्या मजल्यावरची दारं. समोर एक निवृत्त हेडमास्तर राहतात, एकटे, रोज हिला जिन्यात "काय वहिनी" म्हणतात, म्हटलं बघायला काय हरकत आहे? मी हळूच किल्ली घातली, आणि दार आतून उघडलं. हेडमास्तर! तोंडाला साबण, हातात दाढीचा ब्रश. "काय चाललंय?" मी म्हटलं, किल्ली लागते का बघतोय. "कुणाच्या दाराला?" म्हटलं, तुमच्या. "का?" आता ह्या 'का'ला उत्तर काय द्यायचं? मी म्हटलं, लागली नाही, अभिनंदन, आणि घरी आलो. तेव्हापासून त्यांनी आतून दोन कड्या बसवल्यात. आणि आता मला त्यांचाच संशय येतो, एवढं काय आहे त्यांच्याकडं?

आला सुट्टीचा दिवस. ही पिशवी घेऊन निघाली. "अहो, मैत्रिणीकडं जाऊन येते." म्हटलं, ये. दार लागलं, मी मनात दहा आकडे मोजले आणि तसाच निघालो, घरातल्या रबरी चपलांवर, मागं दार ओढून घेतलं. पुढं ही, मागं मी. ही वळली की मी खांबाआड. ही थांबली की मी दुकानातल्या वस्तू बघतोय. एकदा भान राहिलं नाही आणि मी बायकांच्या पार्लरच्या काचेत बराच वेळ बघत उभा राहिलो, आतली बाई बाहेर येऊन म्हणाली, "आत या, केस करून देते." मला केस नाहीत हो!

ही शेवटी शिरली कुठं? गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेलं गोदाम आहे, तिथं. शटर अर्धं वर. आतून आवाज... घर्र, खाड. घर्र, खाड. मी वाकून आत गेलो, एका जाड खांबामागं उभा राहिलो आणि बघितलं.

आमची ही. डोक्याला हेल्मेट. गुडघ्यांना पॅड. आणि पायाखाली, फळी!

बाजूला एक तिशीतला माणूस, नंतर कळलं तो दातांचा डॉक्टर. म्हणजे कुणी तोंडावर पडलं तरी गिऱ्हाईक बाहेर जायला नको. तो ओरडून सांगतोय, "काकू, गुडघे वाकवा! काकू, मागच्या पायानं फळी दाबा, आणि पुढचा पाय घासत वर न्या, घासत!" काकू म्हणे! आणि काकूंनी उजव्या पायानं जमीन मागं ढकलली, फळी निघाली, काकू उडाल्या आणि काकू पडल्या. धाडकन. मंडळी, माझा हात आपोआप फोनकडं गेला, नुकसानीचा फोटो काढायला. आणि तिथंच थांबला. मी पुढं धावणार, तोवर ही उठली, कोपर चोळलं आणि हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि तेही त्या दंतवैद्यासमोर, हे मला आवडलं नाही, ते जाऊ द्या.

ती पुन्हा फळीवर उभी राहिली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या फळीला वरून सँडपेपर लावलेला असतो हो, सुताराकडं असतो तसला! उडायचं तर डाव्या बुटाची कड त्या सँडपेपरवरून खरडत वर न्यायची, तेव्हा फळी पायाबरोबर वर येते. म्हणून तिथं भोक! म्हणून तिथं चामड्याचं ठिगळ, म्हणून नाड्यांवर झाकण, म्हणून तो लपवलेला रबराचा थर! इतकी वर्षं ते सगळे बूट सुजत होते, उतरत होते, ते त्या एका भोकापायी! आणि मी कारखान्यांवर डूख धरून बसलो होतो.

ही उडाली. बोटभर. फार तर दीड बोट. पण चारही चाकं जमिनीपासून सुटली आणि खाली आली तेव्हा ही फळीवरच होती. त्या लोकांची एक रीत आहे, टाळ्या वाजवत नाहीत, आपापल्या फळ्या जमिनीवर आपटतात. सगळं गोदाम दणाणलं. आणि तुम्हाला सांगतो, मला काय झालं कुणास ठाऊक, मीही पायातली चप्पल काढली आणि खांबाआड जमिनीवर आपटली. रबरी होती. आवाज आला नाही.

मग मी पळत घरी. ही यायच्या आत पेपर वाचत बसलेला दिसायला हवं ना! दाराशी आलो, खिशात हात घातला... घरची किल्ली आत. घाईत दार ओढून घेतलं होतं, किल्ली खुंटीवर. म्हणजे मी बाहेर, पेपर आत. पायरीवर बसून राहिलो. समोर हेडमास्तरांच्या दाराच्या भिंगातून एक डोळा माझ्याकडं बघत होता, तो हलेना.

ही आली. जरा लंगडत. मला बघितलं, चपला बघितल्या आणि हात पुढं केला. "द्या."

म्हटलं, काय?

"किल्ली. जिभेतली. आज बूट घालताना कळलं मला, नाही म्हटल्यावर तुमच्याशिवाय घेणार कोण?"

मी दिली. तिनं ती चिमटीत धरली, आमच्या कुलपात घातली, फिरवली. दार उघडलं. आमचं दार! आमच्याच घराची किल्ली! मी गच्ची तपासली, टपालपेटी तपासली, हेडमास्तर तपासले, पण आपलं दार... आपल्या दाराची किल्ली आपल्याकडं असतेच की, ते कोण कशाला तपासेल?

म्हटलं, अगं पण तिचं डोकं का कापलंस? "अहो, उडी मारली की पायाला रुतायचं. म्हणून कापून चामड्यात शिवली. फळीवर पर्स घेऊन उभी राहू? कपड्यांच्या खिशातून पडताना उडून जाते. जिभेत राहते. खिसा त्यासाठीच असतो." म्हटलं, मग 'असावा एखादा' का म्हणालीस? मला सरळ सांगायचं ना सगळं! तर म्हणाली, "माझा अपघाताचा विमा कुणी काढलाय?" म्हटलं, मी. "त्यात विचारलंय ना, धोक्याचे खेळ खेळता का? तिथं काय लिहिलंय?" म्हटलं, 'नाही' असं. "आणि तुम्हाला कळलं असतं तर?"

कळलं असतं तर? दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आत मी पायरीवर जाऊन बसलो असतो, कळवायला. मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांचा क्लेम नापास केलेला माणूस आहे. अजून मला त्या घरात चहा गार मिळतो.

मग ती त्याच पायरीवर बसली, बूट काढला, ते भोक बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फाटके बूट समोर घेऊन बसले. कुठं फाटतो ते झोपेतसुद्धा सांगेन. पण फाटताना कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं हो. एक बूट मला माझ्या पायानं फाडायचा होता." आणि मला म्हणते, "तुमचं पोट खांबाबाहेर दिसत होतं. चप्पल आपटलीत ना, तीही दिसली. बरं वाटलं."

मी 'हं' म्हटलं नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. समोरचा भिंगातला डोळासुद्धा मला ओला वाटला, पण तो माणूस दाढी करत असतो, साबण असेल.

विम्याचं म्हणाल तर... दुसऱ्या दिवशी कळवलं. काय करू? कळवलंच. हिला सांगितलं तर म्हणाली, "माहीत होतं मला," आणि निघून गेली, गुणगुणत.

आता दर सुट्टीला मीही जातो गोदामात. उलट्या खोक्यावर बसतो, लाकडी तळाच्या चपला घालून, आवाज यावा म्हणून. सगळं छान आहे. काही तक्रार नाही. फक्त गेल्या आठवड्यात हिनं नवा नमुना घरी आणला आणि म्हणाली, "अहो, जाड बूट परत येतायत." परत सुजले! जीभ पुन्हा उशीएवढी. आणि मी ती उघडून बघितली नाही, शपथेवर सांगतो, नुसती वरून चाचपली. आत दोन किल्ल्या आहेत.

एक ओळखीची. डोकं कापलेली. दुसरी अख्खी. मग... थोडी बाहेर काढली. या वेळी मी शहाणा झालो होतो, सुरुवात आपल्याच दारापासून केली. लागली नाही.

आता विचारू कुठल्या तोंडानं? कुणाला विचारू? ताई म्हणेल जेवत जा, किल्लीवाला म्हणेल हं, आणि हेडमास्तरांनी तिसरी कडी आणलीय. होती तिथं ठेवून दिली. कुठंतरी पाणी मुरतंय मंडळी, मला पक्कं माहीत आहे, मुरतंय...

मुरू दे.